श्री. अपडेटराव यांस अनावृत पत्र

श्री. अपडेटराव यांस,
सा. न. वि. वि.

आपण विंडोजमध्ये येता ते आमच्या भल्यासाठीच, याबद्दल शंका नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभरच्या कचेऱ्या ओलीस धरल्या, त्यावरचा उतारा आपण मार्चमध्येच देऊन गेला होतात. ज्यांनी आपल्याला दारातूनच परत पाठवलं, त्यांनी ते भोगलं. तेव्हा तक्रार आपल्या येण्याची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जे होतं, त्याची आहे.

महिन्याचा दुसरा मंगळवार हा आपला मुहूर्त. तिकडे अमेरिकेत सकाळ असते, इकडे रात्र. १४ सप्टेंबर २०२१ ला आमच्याकडे गौरी विसर्जन होतं. संध्याकाळी गौरी गेल्या आणि रात्री आपण आलात. मग नेटवर्कवर शेअर केलेले प्रिंटर ठिकठिकाणी मुके झाले. पडद्यावर काय, तर बरीचशी शून्यं आणि शेवटी ११बी. एवढ्यावरून माणसाने काय ते ओळखायचं!

प्रिंटर ज्या विंडोज मशीनला जोडलाय, त्याने छपाई मागणाऱ्या मशीनची ओळख कडक तपासावी, असा आपला हुकूम. जानेवारीत तो ऐच्छिक होता, सप्टेंबरात सक्तीचा झाला. हुकूम रास्तच. पण तालुक्याच्या पतसंस्थेत काउंटरवरचं मशीन विंडोज ७ चं. जानेवारी २०२० मध्ये त्याचा सपोर्ट संपला, हे त्याला कुणी कळवलेलंही नाही. ते बिचारं नवं ओळखपत्र कुठून आणणार?

पुढचा प्रयोग सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. ठेवपावतीसाठी आजोबा काउंटरवर कोपर टेकून उभे. मॅनेजर म्हणतात, "काल तर चालू होतं, तू काय केलंस?" सॉफ्टवेअरवाला फोनवर सांगतो, "आमच्या बाजूने ओके आहे, विंडोजचा प्रॉब्लेम आहे." मग आमच्यासारखा कुणीतरी दुरूनच एनीडेस्कवरून प्रिंटरच्या मशीनमध्ये शिरतो, रजिस्ट्री उघडतो, 'आरपीसी ऑथएन लेव्हल प्रायव्हसी एनेबल्ड' अशी लांबलचक नोंद करतो, तिच्यापुढे शून्य टाकतो आणि छपाईचा स्पूलर बंद करून पुन्हा चालू करतो. खर्रर्र करत पावती बाहेर! चहा येतो. त्या शून्याचा अर्थ मात्र एवढाच, की आपण रात्री बसवलेलं कुलूप आम्ही सकाळी काढून ठेवलं. ते परत लावायला कुणी येत नाही, कारण पावत्या निघताहेत.

म्हणजे अपडेटराव, आपण सुरक्षा आणता आणि ती उचकटायचं काम आमच्या गळ्यात घालता. वर उद्या चोरी झाली, तर शून्य कुणी टाकलं म्हणून आमचंच नाव निघणार.

सर्व्हरचा कारभार बघायची आरसॅट नावाची हत्यारंही आपण विंडोज १० च्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीबरोबर काढून टाकायचात आणि आम्ही ती मुकाट्याने परत बसवायचो. २०१८ च्या अखेरीस ती विंडोजच्याच पोटात घेतलीत, त्याबद्दल आभार. उशिरा का होईना.

विनंत्या थोड्या आहेत. काय बंद पडणार, ते आदल्या महिन्यात सॉफ्टवेअरवाल्यांच्या कानावर घालावं. ऐच्छिक काळात तेही झोपलेले असतात, त्यांना जरा दरडावून सांगावं. चूक दाखवायचीच, तर 'समोरचं मशीन जुनं आहे' एवढं वाक्य छापावं, म्हणजे मॅनेजर आमच्याऐवजी त्या मशीनकडे बघतील. आणि मार्चअखेरीला कृपया फिरकू नये.

कळावे. लोभ आहेच, थोडा कमी केलात तरी चालेल.

आपला,
प्रत्येक कचेरीतला 'तो कॉम्प्युटरवाला'