मदरबोर्डाचा एफएसआय

चाळ पाडायची की नाही, यावर आमच्या गिरगावातल्या भाडेकरूंचं ११ वर्षांत एकमत झालेलं नाही. चिरंजीवांनी मात्र घरातल्या कॉम्प्युटरचा पुनर्विकास एका जेवणात मंजूर करून घेतला. गेम खेळायला तो ओव्हरक्लॉक करायचाय म्हणे.

"म्हणजे रे काय?"

"बाबा, प्रोसेसर तेवढाच, पण कंपनीनं ठरवून दिलंय त्याहून जास्त वेगानं पळवायचा."

एवढंच ना! प्लॉट तोच, एफएसआय, म्हणजे बांधकामाचं प्रमाण, वाढवून. गिरगावात जन्म गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

एफएसआय म्हटला की नियम आले. जुनी उपकरप्राप्त इमारत असली तर विकास नियमावलीच्या ३३(७) मध्ये बसवून घ्यावी लागते. इथंही तसंच. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावामागे 'के' हे शेपूट असेल तरच त्याचं कुलूप उघडं. बरं, तेवढ्यानं भागत नाही, मदरबोर्डही 'झेड' जातीचा लागतो. 'बी' जातीचा घेतला तर रॅमचा वेग वाढवू देतात, प्रोसेसरला हात लावू देत नाहीत. खिडकीला ग्रिल बसवा, पोटमाळा काढू नका! एएमडीवाले त्या मानानं दिलदार, त्यांच्याकडे 'बी' बोर्डालाही परवानगी मिळते. अशी माणसं महापालिकेच्या इमारत प्रस्ताव खात्यात का जात नाहीत, कळत नाही.

तर आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना लोटला, पण १९०३ ते १९०७ मुंबईचा गव्हर्नर असलेला लॅमिंग्टन तिथं अजून रॅम विकतोय. दुकानदारानं चिरंजीवांकडे पाहिलं, मग माझ्या खिशाकडे, आणि थेट वरच्या फळीवरचा खोका काढला. बोर्ड चालू करून दाखवला तर जांभळा, हिरवा, गुलाबी असा उजळत गेला. थेट परळच्या टॉवरची लॉबी! आमच्या घरचे टॉवर बघायला जातात तेव्हाही लॉबीतच हरखतात; पंप केवढ्याचा, टाकी किती लिटरची, हे विचारायला मी एकटाच मागे राहतो.

इथंही राहिलो. बोर्डाचा पंप म्हणजे व्हीआरएम. वीजपुरवठ्याच्या डब्यातून १२ व्होल्ट येतात, प्रोसेसरला लागतात सव्वाच्या आसपास. मधली उतरण व्हीआरएमनं करायची. इंटेलचा १४९००के पूर्ण जोरात २५३ वॅट ओढतो. सव्वा व्होल्टला त्याचे झाले २०० अँपिअर. आमच्या खोलीचा कटआउट ५ अँपिअरचा. (दोन्हींची तुलना करायची नसते हे मलाही कळतं, तरी छातीत धस्स झालं.) हा भार एकाला पेलत नाही म्हणून तो फेजांमध्ये वाटतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत खांदेकरी पाळीपाळीनं खांदा देतात तसं. खांदे जास्त तितका एकेकाला घाम कमी. मुंबईच्या मे महिन्यात, पत्र्याखालच्या खोलीत, हा घाम महत्त्वाचा. कारण पंखा कितीही महागडा लावा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही तो करू शकत नाही.

"काका, सोळा फेज आहेत!" दुकानदार म्हणाला.

सोळा म्हणजे सोळाच असं नाही. काही बोर्डांवर आठांनाच दुपटीनं मोजतात. एका बिऱ्हाडाच्या दोन भाडेपावत्या करून दोन खोल्या मागणारे आमच्याही मजल्यावर आहेत.

खरं तर ओव्हरक्लॉकिंगची मजा १९९८ सालीच होऊन गेली. तेव्हा ३०० मेगाहर्ट्झचा सेलेरॉन ३००ए घ्यायचा, ४४०बीएक्सच्या बोर्डावर चढवायचा, बसचा वेग ६६ वरून १०० करायचा, की साडेचार पटीच्या हिशेबानं ४५०. फुकटात दीडपट! आता बिल्डरच, म्हणजे कंपनीच, सगळा एफएसआय वापरून वर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या प्लॉटचा बांधकामाचा हक्क, चढवून माल विकते. गिऱ्हाइकाच्या हाती राहते ती फार तर गच्ची. त्या हव्यासाला २०२४ मध्ये भेगाही दिसल्या. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले मोठे प्रोसेसर गेम चालू असताना मान टाकू लागले. जास्तीच्या व्होल्टेजनं ते झिजत होते. ऑगस्टमध्ये दुरुस्तीचा मायक्रोकोड आला, वॉरंटी दोन वर्षं वाढली. आणि कित्येक बोर्ड तर कुणी न सांगता, मूळ सेटिंगमध्येच, विजेची मर्यादा उठवून बसले होते. आमच्याकडे याला अनधिकृत बांधकाम म्हणतात.

एवढं सगळं मी चिरंजीवांना रस्त्यात थांबून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि जांभळा बोर्ड घेतला.

गेल्या रविवारी बिल्डरचा माणूस चाळीत आला. नव्या टॉवरचा त्रिमितीय देखावा त्यानं आणला होता. स्वतः आत चालत फिरायचं. त्याच्या लॅपटॉपवर देखावा अडखळायला लागला. मग सगळी कमिटी आमच्या खोलीत. चिरंजीवांच्या यंत्रावर टॉवर लोण्यासारखा फिरला. लॉबीत झुंबर, संगमरवर, कोपऱ्यात कारंजं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी कारंजं पुन्हा दाखवायला लावलं. ११ वर्षांत पहिल्यांदा सगळ्यांच्या माना एकाच दिशेनं हलल्या.

मी विचारलं, "पाण्याच्या पंपाचं काय?"

"काका," बिल्डरचा माणूस म्हणाला, "ते फेज टू मध्ये."