२२ दिवस, ३१ घरं

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसाने सुट्टीत घरी कसं जावं, याची शिकवणी कुठे नसते. न्यू जर्सीहून पुण्याला मी आजवर सात वाऱ्या केल्या आहेत. त्यातून हाती आलेलं ज्ञान होतकरूंसाठी इथे मांडतो. कात्रण काढून पासपोर्टात ठेवायला हरकत नाही.

तयारी भेटवस्तूंपासून करावी. बदाम न्यायचे नाहीत असं मी दरवेळी ठरवतो आणि चार किलो नेतो. कॅलिफोर्नियाच्या बदामांचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक भारतच आहे, त्यामुळे रविवार पेठेतल्या पोत्यात तेच बदाम असतात. तरीही 'तिकडचे' म्हणून आपल्या बदामांना मान मिळतो. ते फडताळात वरच्या फळीवर जातात आणि पुढच्या खेपेला शिऱ्यावर लागून आपल्याच पुढ्यात येतात. टॉवेल मात्र विचार करून न्यावेत. सोलापूरच्या आत्याला मी एकदा चांगला जाडजूड टॉवेल नेला. तिने तो हातात घेतला, कोपरा उलटा केला, चष्मा लावून चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "अरे, हा आमच्याकडूनच तुमच्याकडे गेलेला दिसतोय." सोलापुरात टॉवेल विणून जगभर पाठवतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. कपड्यांत मापाचा घोळ होतो. यंदा बाबांना नेहमीच्याच मापाचा शर्ट नेला, तर खांदे कोपराकडे निघाले. अशा वेळी तिकडची मापं जरा मोठीच असतात असं ठामपणे सांगावं आणि पुढच्या पिशवीकडे वळावं.

येण्याची तारीख हे गुपित समजावं. ती आईला सांगितली की आत्याला कळते, आत्याकडून मोठ्या काकूंना, आणि विमानाचं तिकीट निघण्याआधी दोन दुपारची जेवणं आणि एक सत्यनारायण ठरलेला असतो. खरा कस लागतो तो क्रमाला. आधी कुणाकडे? वयाने धरावं तर मोठे काका, दुखण्याने धरावं तर मामी, रुसव्याने धरावं तर धाकटी मावशी. माझ्या अनुभवाने रुसवा पहिला घ्यावा. दुखणं पाहुण्याच्या वाटेकडे डोळे लावून थांबतं, रुसवा थांबत नाही. सासरची घरं वेगळ्या रकान्यात लिहावीत आणि दोन्ही रकान्यांची बेरीज बायकोकडून तपासून घ्यावी. माझी यंदाची बेरीज ३१ आली. मुक्काम २२ दिवसांचा. यात आपलं स्वतःचं घर धरायचं नसतं, तिथे आपण राहतोच.

एका घरचा फोटो दुसऱ्या घरी जाईपर्यंत स्टेटसला टाकू नये. हे वाक्य पुन्हा वाचा.

थंडीच्या दिवसांत न्यू जर्सी आणि पुणे यांच्यात साडेदहा तासांचं अंतर पडतं, म्हणजे रात्रीचा दिवस व्हायला फक्त दीड तास कमी. पहिला आठवडा पहाटे तीनला टक्क जाग येते. या वेळेचा सदुपयोग करावा. मी दिवाणखान्यात येऊन यादी पुढे ओढायचो. बाबा तिथे आधीच बसलेले असायचे, अंधारात, शाल घेऊन. "हल्ली झोपच लागत नाही रे," असं ते दोनदा म्हणाले. मी त्यांना जेट लॅग म्हणजे काय ते समजावून सांगितलं, शरीरातल्या घड्याळासकट.

आता प्रत्यक्ष भेट. पुण्यात एक ते चार बेल वाजवू नये, हे ज्याला सांगावं लागतं त्याने हा लेख खाली ठेवावा. चारनंतर गेलं की पोहे येतात. "पोहे नकोत" म्हटलं तर उपमा येतो, काहीच नको म्हटलं तर दोन्ही. चहा 'अर्धा कप' मागावा. तो पाऊणच येतो, पण पूर्ण मागितला असता तर सव्वा आला असता. चार घरं झाली की पोह्यांवरून घराणं ओळखता येतं: बटाटा घालणारे, मटार घालणारे, आणि साखर थोडी जास्तच घालून वर "गोड नाही ना झाले?" विचारणारे.

दारातून आत पाऊल टाकताच आपल्या वजनावर अभिप्राय मिळेल. वाद घालू नये. एकाच सोमवारी मला काकूंनी "किती वाळलास रे, खातोस की नाही?" म्हटलं आणि संध्याकाळी मामांनी "सुटलास!" अशी पोटावर थाप मारली. मधल्या काळात मी तीन घरी खाल्लं होतं, तेव्हा दोघंही बरोबर असतील. ३१ घरांत ३१ जणांनी मला नीट निरखलं. बाबा शेजारच्या खुर्चीवर बसून हसत होते.

प्रश्नांची उत्तरं घरून पाठ करून जावीत. "कधी आलास?"च्या पाठोपाठ "परत कधी?" येतो. त्यात हाकलण्याचा हेतू नसतो, जेवायला कधी बोलवायचं याचा हिशोब असतो. "ग्रीन कार्ड झालं का?" याला खरं उत्तर देऊ नये. रोजगारावर मिळणाऱ्या कार्डांपैकी कुठल्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्क्यांहून अधिक जात नाहीत, मग देश भारताएवढा असो की आइसलँडएवढा, हे मी काकांना एकदा कागदावर आकृती काढून समजावलं. काका सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे झालं नाही." त्यानंतर कुणी चुलतभाऊ मुळशीकडच्या दहा गुंठ्यांची गोष्ट काढेल. घाबरू नका. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही, ती वारशाने आली तर गोष्ट वेगळी. शेतकरी नसलेल्या पुणेकरालाही महाराष्ट्रात ती घेता येत नाही. एवढं शांतपणे सांगितलं की "एनए होणारच आहे" इथपर्यंत विषय येतो आणि चहा पुढे येतो.

मुलांना आधी तयार करावं. शुभंकरोति आणि बेचा पाढा एवढ्यावर निभावतं. माझ्या मुलीने पाचव्या घरी विचारलं, की इथे सगळ्याच माणसांचं नाव काका कसं?

बायकोची ओटी भरली जाते. नारळ, तांदूळ, ब्लाउजपीस. ब्लाउजपीस हे चलन आहे, ते शिवायचं नसतं, फिरवायचं असतं. मावशीकडून मिळालेला मोरपंखी तुकडा आम्ही आत्याकडे दिला आणि पुढच्या खेपेला तो मामींकडून आमच्याकडे परत आला, घडीसुद्धा न मोडता. नारळांचं काय करायचं ते शेवटच्या आठवड्यात कळतं: घरभर खोबऱ्याच्या वड्या.

खऱ्या चलनाचं अधिक अवघड आहे. मागच्या खेपेला उरलेल्या नोटा ड्रॉवरमध्ये जपून ठेवण्याची आपल्याला खोड असते. २०१६ च्या नोव्हेंबरात माझ्या ड्रॉवरमधल्या पाचशेच्या नोटा एका रात्रीत शोभेच्या झाल्या. तेव्हापासून शहाणा होऊन मी दोन हजारांच्या ठेवल्या. त्या मे २०२३ मध्ये मागे घेतल्या. कायद्याने त्या अजून चालतात, पण भाजीवाली कायद्याची पदवीधर नसते. त्या बदलायच्या तर रिझर्व्ह बँकेच्या ठरावीक कार्यालयांत, म्हणजे आपल्यासाठी मुंबई, बेलापूर किंवा नागपूर. कोथिंबिरीच्या जुडीपाशीही आता क्यूआर कोड टांगलेला असतो. आपण पाचशेची नोट पुढे करतो, ती "सुट्टे नाहीत" म्हणते, आणि बारावीतली भाची मोबाइल पुढे करून मामाची कोथिंबीर भरते. हे पैसे परत देऊ गेल्यास ती घेत नाही. मोठेपणी काढते.

शेवटचे दोन दिवस बॅगांचे. अमेरिकेला जाणाऱ्याला बहुतेकदा २३ किलोंच्या दोन बॅगा नेता येतात, आणि आईच्या मते हा आकडा सूचना म्हणून दिलेला असतो. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला नीट बांधून बॅगेत घालावेत. केबिनमध्ये न्याल तर अमेरिकेकडे जाताना साडेतीनशे मिलिलिटरवरच्या पुडीला अधिकारी हुंगतात. लोणचं हातात ठेवू नये, ते त्यांच्या लेखी द्रवपदार्थ आहे. हापूसचा मोह टाळावा. तो २००७ पासून अमेरिकेत रीतसर जातो, पण आधी विकिरण करून घेतो, आणि आपल्या बॅगेतला हापूस लासलगावला जाऊन आलेला नसतो. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही बॅगेत चालत नाहीत. तेल जास्त असल्याने त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात, म्हणून २०२२ पासून मनाई आहे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "चाळीस वर्षं माझ्या डब्यात आहेत, कधी पेटल्या नाहीत."

वजन घरीच करावं. बॅग काट्यावर ठेवली की आकडा दिसत नाही, म्हणून कुणीतरी ती कवेत घेऊन उभं राहायचं आणि उभं राहणाऱ्याचं वजन वजा करायचं. हे काम आमच्याकडे बाबांचं. "तू रोज दोन-तीन घरी जेवतोस, तुझा काय भरवसा? माझं वजन रिटायर झाल्यापासून ७१ आहे." मी बॅग उचलून त्यांच्या हातांत दिली. ८७. म्हणजे बॅग १६ ची. आईने आनंदाने भाजणीचे आणखी पुडे, लाडवांचा डबा, पितळी खलबत्ता आणला. ९४ ला बॅग बंद केली. दुसरीही ९४ ला बंद केली. बाबांनी दोन्ही वेळा आकडा मोठ्याने वाचून दाखवला.

विमानतळावरच्या काट्यावर बॅग ३० भरली. दुसरीही ३०. काउंटरवरच्या मुलीने सात-सात किलो काढायला सांगितले. घरचा काटा बिघडला असेल म्हणावं, तर पहिल्याच दिवशी मी त्यावर उभा राहिलो होतो आणि न्यू जर्सीच्या काट्याशी तो अर्ध्या किलोनेही चुकला नव्हता. मागे रांग वाढत होती. बायको बॅग उघडून खलबत्ता बाहेर काढत होती. मी तिथेच उभा राहून ९४ मधून ३० वजा करत होतो.