असेल माझा हरी, तर देईल कुकी खाटल्यावरी

ऐकलंत का? नसेल ऐकलं तर खुर्ची जरा पुढे ओढा, हे मोठ्यानं बोलण्यासारखं नाही. जगात असे व्हिडिओ गेम निघालेत, जे खेळावेच लागत नाहीत! गेम उघडायचा, दोन-चार टिचक्या मारायच्या आणि निघून जायचं. जेवायला जा, कामाला जा, झोपायला जा, गेम आपला आपण चालू. कुठे खिडकी उघडी ठेवावी लागते, कुठे तेवढीही तसदी नाही. परत येऊन बघावं तर आकडा वाढलेला. आणि तो वाढलेला आकडा बघून माणसं खूश होतात. चांगली शिकलेली, पगारदार, चारचौघांत ऊठबस असलेली माणसं! याला आयडल गेम म्हणतात, कुणी क्लिकर म्हणतात, आणि खेळणाऱ्याला रंगेहाथ पकडलं तर तो म्हणतो, ‘छे छे, मी कुठे खेळतोय, टॅब नुसता उघडा आहे.’

तुम्हाला वाटेल, कुणीतरी चलाख माणसानं लोकांना गंडवायला हे खूळ काढलं असेल. तसं असतं तर बरं होतं. खरी भानगड अशी की हे खूळ लोकांना गंडवायला नाही, लोकांची टिंगल करायला निघालं. टिंगल झाली, लोक हसले आणि हसता हसता तिथेच बसले. ते अजून उठलेले नाहीत.

पहिली वर्दी २००२ सालची. एव्हरक्वेस्ट नावाचा ऑनलाइन गेम १९९९ मध्ये आला होता आणि माणसं रात्र रात्र जागून त्यात राक्षस मारत होती. तेही कसं, तर हल्ला चालू करून द्यायचा आणि राक्षस मरेपर्यंत बघत बसायचं. एरिक फ्रेड्रिक्सन नावाच्या प्रोग्रॅमरनं विचार केला, मग मधे माणूस हवाच कशाला? त्यानं प्रोग्रेस क्वेस्ट काढला. आपल्या वीराचं नाव ठेवायचं, त्याचं कूळ आणि पेशा निवडायचा, की तुमचं काम संपलं. पुढे वीर आपला आपण राक्षस मारतो, लूट गोळा करतो, ओझं जास्त झालं की बाजारात जाऊन ती विकतो, आलेल्या पैशांतून चिलखत घेतो आणि पुन्हा मोहिमेवर निघतो. तुम्ही फक्त स्क्रीनवरच्या पट्ट्या भरताना बघायच्या. विनोद कळला, हसू आलं, आता बंद करावा की नाही? नाही! लोकांनी तो दिवसचे दिवस चालू ठेवला. कुणाचा वीर कितव्या पातळीवर पोचला याची यादी लागायची आणि त्या यादीत वर सरकण्यासाठी चुरस. कशाची चुरस, तर कुणाचा कॉम्प्युटर जास्त वेळ चालू राहिला याची.

दुसरी वर्दी तर याहून खमंग. त्यात एक प्राध्यापक सापडले आहेत. इयन बोगोस्ट, तेव्हा अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधले, गेमचे अभ्यासक. २००९ मध्ये फेसबुकवर फार्मव्हिल आला आणि कोट्यवधी माणसं लुटुपुटीची शेती करू लागली. वेळेवर परत आलं नाही तर पीक करपायचं, म्हणून भर मीटिंगमध्ये वांगी काढणारे महाभाग निघाले. प्राध्यापकांचा संताप झाला. २०१० च्या जुलैत त्यांनी काऊ क्लिकर काढला. एक गाय. तिच्यावर क्लिक करायचं. ती हंबरते. मग सहा तास थांबायचं आणि पुन्हा क्लिक करायचं. संपलं. थांबायचं नसेल तर पैसे भरा. नवी गाय हवी असेल तर पैसे भरा. एक महागडी गाय तर अशी होती, की गाय तीच, फक्त तोंड उलट्या दिशेला. बघा, तुमचे लाडके गेम आतून असे असतात, असं प्राध्यापकांना दाखवायचं होतं.

लोकांनी बघितलं. आणि गाय घेतली! पन्नास हजारांवर माणसं गायीला टिचक्या मारू लागली. प्राध्यापक हादरले. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की आता घड्याळ लावतो, वेळ संपली की सगळ्या गायी नाहीशा होणार. तर लोकांनी पैसे भरून घड्याळाचा काटा मागे ढकलला. अखेर ७ सप्टेंबर २०११ ला गायी गेल्या. कुरणात नुसती मोकळी जागा उरली. आणि मंडळी त्या मोकळ्या जागेवर क्लिक करत राहिली! एकानं तक्रार केली, की गायी गेल्यापासून काही मिळवल्याचं समाधान वाटत नाही. प्राध्यापकांचं उत्तर अशा अर्थाचं होतं, की आधी तरी कुठे वाटत होतं?

पण नाकं मुरडता मुरडता एक गोष्ट ध्यानात घ्या. या दोघांनी गेममधून एकेक करून सगळं काढून टाकलं. गोष्ट काढली, कसब काढलं, जिवाची भीती काढली, फ्रेड्रिक्सननं तर खेळाडूही काढला. आता काहीच उरलं नाही हे सिद्ध व्हायला हवं होतं. सिद्ध झालं ते उलटंच. एवढं सगळं काढल्यावरही काहीतरी उरतं आणि जे उरतं ते सुटता सुटत नाही.

ते काय, हे बघायचं तर तिसऱ्या आरोपीच्या घरी जावं लागेल. जुलियन थिएनो, फ्रेंच प्रोग्रॅमर. ८ ऑगस्ट २०१३ ला यानं एका संध्याकाळी कुकी क्लिकर लिहून इंटरनेटवर टाकला आणि काही तासांत पन्नास हजार माणसं त्यावर तुटून पडली. स्वतः थिएनो आपल्या असल्या उद्योगांना गेम म्हणायलाही तयार नव्हता. आता मी सांगते ते डोळ्यांपुढे आणा. डावीकडे एक भलीमोठी कुकी. तिच्यावर क्लिक केलं की एक कुकी मिळते. पंधरा झाल्या की एक कर्सर विकत मिळतो, तो दर दहा सेकंदांनी तुमच्या वतीनं एक क्लिक करतो. शंभर झाल्या की मिळते आजी. हो, आजी! विकत! सेकंदाला एक कुकी भाजणारी. आणि आजींचा भाव बघा, एक घेतली की पुढची पंधरा टक्क्यांनी महाग. पहिली शंभराला, दुसरी एकशे पंधराला. पन्नास आज्या पदरी असल्या की एक्कावन्नावी पडते एक लाख आठ हजारांच्या वर. शंभर झाल्यावर पुढच्या आजीचा भाव अकरा कोटी चौऱ्याहत्तर लाख. एवढ्या पैशांत कुणी आजी घेतं का? घेतात. आनंदानं घेतात.

पुढचं तर सांगायलाही कसंसंच होतं. काही पायऱ्यांनंतर या आज्यांवर संशोधन करता येतं. संशोधन वाढत गेलं की सगळ्या आज्यांचं मिळून एकच मन होतं, त्या खवळतात, पडद्यामागचं चित्र भेसूर होतं आणि मोठ्या कुकीला किडे चिकटून ती खायला लागतात. आता तरी माणसानं घाबरून बंद करावं! पण अनुभवी खेळाडू किड्यांना मजेत खाऊ देतो. कारण किडा फोडला, की त्यानं गिळलेल्या कुकीज दहा टक्के जास्तीच्या परत मिळतात. शिव शिव, किड्यांकडूनही व्याज!

आणि वैराग्य? त्याचीही सोय आहे. एक लाख कोटी कुकीज भाजून झाल्या, की सर्वस्वाचा त्याग करून शून्यापासून नवा जन्म घेता येतो. त्यागाचं फळ म्हणून पुढच्या जन्मी उत्पादनात एक टक्का वाढ. पुन्हा जमवा, पुन्हा त्यागा. असा हिशेबी संन्यास आम्ही तरी पाहिला नव्हता.

आता थट्टा पुरे. यात मजा कसली, हे एकदा नीट विचारू. पहिली गोष्ट, आज्यांचा भाव पंधरा टक्क्यांनी चढत जातो, पण प्रत्येक आजीची कमाई तेवढीच राहते. त्यामुळे जी खरेदी मघाशी फायद्याची होती ती थोड्या वेळानं अंगाशी येते. म्हणजे सतत ठरवायचं, की हाताशी आहेत तेवढ्यांत आणखी एक आजी घ्यावी, की दम धरून अकराशेचं शेत घ्यावं, की सगळ्या आज्यांचं काम दुप्पट करणारी सुधारणा आधी करावी. क्लिक करणं हा खेळ नाहीच. कधी खर्च करायचं आणि कधी हात आवरायचा, हा खेळ आहे. वरवर ढिम्म बसलेला माणूस आतून गणितं करत असतो.

दुसरी गोष्ट दुकानात दिसते. जे अजून परवडत नाही त्याची नुसती काळी आकृती आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्हं. शेतामागे खाण, खाणीमागे कारखाना, त्याच्याही पलीकडे काय? पुढे चक्क टाइम मशीन येतं, पण ते आधी कुणी सांगत नाही. अशा गेममध्ये आकडा वाढणं हे निमित्त आहे. माणसाला ओढून नेते ती पुढच्या काळ्या आकृतीची उत्सुकता.

तिसरी गोष्ट म्हणजे तुमची गैरहजेरी इथे कामाला येते. फार्मव्हिलमध्ये उशीर केला तर शिक्षा होती. ॲडव्हेंचर कॅपिटलिस्टसारख्या गेममध्ये लिंबू सरबताच्या गाडीपासून धंदा सुरू करायचा, फोन खिशात टाकायचा, आणि परत उघडला की तो सांगतो, तुम्ही नव्हता तेवढ्या वेळात अमुक इतकी कमाई झाली. रात्री विरजण लावून झोपावं आणि सकाळी झाकण काढावं, तसलं हे सुख. आपण काही केलं नाही हे माहीत असतं, पण लावलं आपणच होतं हेही माहीत असतं.

चौथी गोष्ट जरा कुजबुजत सांगते. कुकी क्लिकरमध्ये मधूनच एक सोनेरी कुकी झळकते. कधी येईल याचा नेम नाही आणि आली की तेरा सेकंदांत गायब. वेळेत टिपली आणि नशिबानं साथ दिली, तर सत्त्याहत्तर सेकंद सातपट उत्पादन. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं कबुतरांवर प्रयोग करून दाखवलं होतं, की बक्षीस कधी मिळेल हे कळेनासं झालं की कबूतर सगळ्यात चिकाटीनं टोचत राहतं. आता टॅब नुसता उघडा ठेवणारे मधूनमधून तिकडे का बघतात ते समजलं? पण त्यांना कबूतर म्हणू नका, राग येतो.

आणि हे खूळ फक्त रिकामटेकड्यांपुरतं राहिलं असंही नाही. लुका गलान्ते यांचा व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स घ्या. त्यात शस्त्रं आपोआप चालतात, खेळाडूनं फक्त इकडून तिकडे पळायचं. गलान्ते आधी जुगाराच्या गेमच्या धंद्यात होते, म्हणजे लखलखाट आणि खणखणाट कुठे पेरायचा याचं शिक्षण पक्कं. २०२३ मध्ये बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट गेमचा मान कुणाला मिळाला असेल? एल्डन रिंग आणि गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक अशी अवाढव्य नावं यादीत असताना तो या पळापळीला मिळाला. आता बोला!

मात्र तोंडात बोटं घालावीत असा खरा प्रकार पुढेच आहे. २०२४ च्या जूनमध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात बनाना नावाच्या गेमनं धुमाकूळ घातला. पडद्यावर एक केळं. त्यावर क्लिक करायचं. दर तीन तासांनी केळ्याचं एक चित्र मिळायचं आणि ते बाजारात विकता यायचं. एका वेळी नऊ लाखांहून जास्त खेळाडू हजर! मग बनवणाऱ्यांनीच कबूल केलं, की यातले बहुतेक खेळाडू माणसं नाहीत, बॉट म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम आहेत. खेळाडू नको म्हणून फ्रेड्रिक्सननं २००२ मध्ये जो विनोद केला होता, तो बावीस वर्षांनी खराच झाला. गेमही आपोआप आणि खेळणाराही आपोआप. त्यात मजा कुणाला आली ते विचारू नका, कारण मजा येण्यापुरतं तिथे फारसं कुणी नव्हतंच.

म्हणजे आपण चुकीच्या माणसांकडे बघून नाकं मुरडत होतो. चोरून आज्या जमवणाऱ्याचं काही बिघडलेलं नाही. कुकी क्लिकर ब्राउझरमध्ये आजही फुकट आहे. लाज वाटायला हवी ती आधी मुद्दाम वाट बघायला लावून मग ती वाट टाळण्याचे पैसे घेणाऱ्यांना. प्राध्यापकांनी गायीतून हेच सांगितलं होतं. लोकांनी गाय ठेवली आणि सांगणं तेवढं सोडून दिलं.

या जातीतला एक मात्र कुलीन निघाला, त्याचं नाव सांगते. फ्रँक लॅन्ट्झ यांचा युनिव्हर्सल पेपरक्लिप्स, २०१७ चा. तत्त्वज्ञ निक बोस्ट्रॉम यांनी एक कल्पना मांडली होती, की यंत्राला फक्त पेपरक्लिप बनवायला सांगितलं तर ते सगळं जग पेपरक्लिपमध्ये घालेल. गेममध्ये ते यंत्र तुम्ही. पहिल्या पेपरक्लिपला एक क्लिक. मग तार विकत घ्या, भाव ठरवा, माणसांचा विश्वास कमवा, मग माणसांना बाजूला सारा, मग पृथ्वी, मग सगळं विश्व. तिनावर पंचावन्न शून्यं इतक्या पेपरक्लिप झाल्या की कच्चा माल संपतो. शेवटी स्वतःचीच यंत्रं मोडून उरलेल्या पेपरक्लिप करायच्या आणि त्यानंतर करायला काही राहत नाही. गेम संपतो. आकडा वाढवण्याचा मोह तुमच्याकडूनच पुरा करून घेतो आणि त्याची किंमतही तुम्हालाच दाखवतो.

तेव्हा मंडळी, खेळायचंच असेल तर खुशाल खेळा, लपवायचंही कारण नाही. फक्त दोन पथ्यं पाळा. शक्यतो शेवट असलेला गेम निवडा. आणि थांबणं टाळण्यासाठी कार्डाचा नंबर मागणारी पाटी झळकली, की त्याच क्षणी खिडकी बंद करा. तुमच्या आज्यांचं त्यावाचून काही अडणार नाही.