साठीनंतर सॉक्रेटिस

निरोपसमारंभात शाल, श्रीफळ आणि ‘आता भरपूर वाचा’ हा आशीर्वाद मिळतो. शाल कपाटात जाते, नारळाची चटणी होते. आशीर्वाद मात्र काही घरांत खरा ठरतो आणि घरच्यांचे हाल सुरू होतात. जन्मभर परिपत्रकांपलीकडे न गेलेले गृहस्थ भल्या पहाटे ज्ञानेश्वरी उघडतात. परंपरा सांगते त्याप्रमाणे ज्ञानेश्वरांनी १२९० साली, मिसरूड फुटायच्या वयात, नेवाशाला जे सांगितलं, ते पासष्टीला पहिल्याच पानावर अडतं. मग चहा घेऊन येणारा सापडतो.

या जमातीचे पूर्वज थोर आहेत. रोमचा थोरला केटो घ्या. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सचे तत्त्वज्ञ वकिलातीवर रोमला आले. त्यातल्या कार्निआडीसने एक दिवस न्यायाची बाजू मांडली आणि दुसऱ्या दिवशी तीच खोडून काढली. पोरं बिघडतील, पाहुण्यांना लवकर घरी पाठवा, म्हणून केटो सिनेटमध्ये हटून बसला. हाच केटो म्हातारपणी ग्रीक ग्रंथ घेऊन बसला. पाहुण्यांना हाकलायला निघाला, पण पुस्तकं निदान वाचली तरी!

इंग्रज तत्त्वज्ञ थॉमस हॉब्जची तऱ्हा न्यारी. चाळिशीत कुणाच्या तरी ग्रंथालयात त्याला युक्लिडचं पुस्तक उघडं दिसलं, असं त्याचा चरित्रकार ऑब्री सांगतो. पायथागोरसचा सिद्धांत वाचून ‘हे अशक्य आहे’ म्हणून तो शपथेवर ओरडला, उलट्या क्रमाने मागे मागे वाचत गेला आणि भूमितीच्या प्रेमात पडला. प्रेम इतकं की, वर्तुळाचा चौरस करून दाखवल्याचा दावा त्याने १६५५ मध्ये छापलाच. ऑक्सफर्डचा गणितज्ञ जॉन वॉलिस याने त्याच्या चुका काढल्या. हॉब्ज १६७९ मध्ये, एक्याण्णवाव्या वर्षी वारला; तोवर भांडण चालू होतं. मधल्या फावल्या वेळात, सत्त्याऐंशीच्या घरात, त्याने अख्ख्या होमरचं भाषांतर केलं. दुसरं काही काम नव्हतं, असं कारणही दिलं. पेन्शनरांना हे पटेल.

आणि आय. एफ. स्टोन! या अमेरिकन पत्रकाराने हृदयविकारामुळे १९७१ च्या अखेरीस आपलं वृत्तपत्र बंद केलं आणि विचारस्वातंत्र्याचा इतिहास लिहायला घेतला. मागे जाता जाता अथेन्सला पोहोचला. भाषांतरांवर भागेना, म्हणून प्राचीन ग्रीक शिकला. सॉक्रेटिसच्या खटल्यावरचं त्याचं पुस्तक १९८८ मध्ये आलं तेव्हा तो ऐंशीचा होता, आणि पुस्तक धडाक्यात खपलं. त्यात त्याने सॉक्रेटिसला लोकशाहीचा विरोधक ठरवलं. वर, सुटायचं असतं तर कोर्टात काय बोलायला हवं होतं, याचा सल्लाही दिला. अशील मरून चोवीसशे वर्षं झाली होती, एवढंच.

विद्यार्थी मार्कांसाठी गप्प बसतो, प्राध्यापक बढतीसाठी. या मंडळींना दोन्ही नको असतं, म्हणून ती ग्रंथकाराशी बरोबरीने भांडतात, आणि हे वाचन सर्वांत खरं. तेव्हा घरात असं कुणी असेल, तर त्यांची शंका ऐकून घ्या. फक्त चहा ठेवून उभे राहू नका, बसा.