फॉरमॅट मारून बघू

घरचा कॉम्प्युटर अधूनमधून आपोआप बंद पडायला लागला, की घरातल्या प्रत्येकाचा आरोपी आधीच ठरलेला असतो. वडिलांच्या मते मुलाचे गेम. मुलाच्या मते वडिलांनी व्हॉट्सॲपवरून उतरवून घेतलेलं दिवाळीचं नाचणारं शुभेच्छापत्र. शेजारचे आयटीतले काका ‘ड्रायव्हर’ एवढंच म्हणतात आणि पेपर वाचायला लागतात. न्यू जर्सीचा भाचा व्हिडिओ कॉलवरून नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायला सांगतो, कारण पैसे त्याचे नसतात. आजी अमावास्या कधी आहे ते बघते. पुढचा खर्च पाहता त्यातल्या त्यात तिचंच निदान परवडणारं.

मग कॉम्प्युटरवाला येतो. मशिन चालू करतो आणि ते अर्थातच उत्तम चालतं. चहा होतो. बंद पडण्याची वाट बघत सगळे पडद्याकडे टक लावून बसतात, पण ते पाहुण्यांसमोर शहाण्या मुलासारखं वागतं. शेवटी तो उठता उठता म्हणतो, “एकदा फॉरमॅट मारून बघू.”

आणि फॉरमॅट लागू पडतो! यात त्याची लबाडी काहीच नाही. जो बिघाड मुळात आठवड्यातून एखादेवेळी डोकं वर काढतो, त्याच्यावर कोणताही उपाय चार दिवस लागू पडतोच. फॉरमॅट लागू पडतो, टेबलाची दिशा बदलणं लागू पडतं, अँटिव्हायरस विकत घेणं तर फारच लागू पडतं. पाचव्या दिवशी मशिन बंद पडतं, तोवर पैसे पोचलेले असतात.

दुसऱ्या फेरीला रॅमचा विधी. बाजूचं झाकण उघडायचं, आतली धूळ बघून “बापरे” म्हणायचं, रॅमची पट्टी काढायची आणि घरातल्या शाळकरी पोराचा पांढरा खोडरबर मागवायचा. तिच्या सोनेरी दातांवरून तो दोन्ही बाजूंनी फिरवायचा, फुंकर मारायची, आणि खटका ‘टक्’ वाजेपर्यंत पट्टी परत दाबून बसवायची. दातांवर थर चढून संपर्क बिघडलेला असेल, तर याने कधीकधी खरंच काम होतं. अडचण ‘कधीकधी’ची आहे, बिलावर तो शब्द लिहीत नाहीत.

या सगळ्या काळात खुद्द विंडोज आपलं काम चोख करत असतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडलं तर तिथे लाल खूण करून ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद सापडते. तिचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशिन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं. म्हणजे ‘इसम श्वास बंद पडल्याने मयत’ असा पंचनामा. आयटीतले काका मात्र तो आकडा दिवसभर गुगलून संध्याकाळी गंभीर चेहऱ्याने परत येतात.

निळा पडदा आला, तर निदान मरणाऱ्याला दोन शब्द बोलायला सवड मिळाली असं समजावं. त्यावरच्या कोडमधून रॅम की ड्रायव्हर असा काही माग निघू शकतो. पण निळं-काळं काहीच न दिसता दिवा गेल्यासारखं मशिन बसलं, तर आधी बघावं विजेकडे आणि उष्णतेकडे. रॅमचा संशय फेडायला मेमटेस्ट आहे. तो पेनड्राइव्हवरून, विंडोज सुरू न करताच चालतो, त्यामुळे तिथे विंडोजला शिव्या घालायची सोय नाही. रात्रभर चालवायचा, सकाळी एक जरी चूक दिसली तरी ती जास्तच. पण रात्रभर? आपल्याकडे धीर धरवतो तो फक्त पासपोर्ट ऑफिसात.

२००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेकला निवडणुकीच्या यंत्राने एका उमेदवाराला ४०९६ मतं जादा दिली होती. यंत्रात दोष सापडेना, तेव्हा संशय थेट अंतराळातून आलेल्या किरणावर गेला. त्याने मेमरीतला एक बिट उलटवला असावा म्हणे. आपल्याला एवढं वर बघायची गरज नाही. जुन्या वायरिंगच्या इमारतीत खालची पाण्याची मोटर सुरू झाली की ट्यूबलाइट डोळे मिचकावते, आणि तोच झटका कॉम्प्युटरपर्यंतही पोचतो.

तो झटका सोसायचा असतो एसएमपीएसने, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्याने. हे घरातलं एकमेव पात्र, ज्याच्यावर कोणीच आरोप केलेला नाही. प्रोसेसर घेताना आपण महिनाभर यूट्यूब बघतो, ग्राफिक्स कार्डासाठी घरात भांडतो, आणि एसएमपीएस? तो कॅबिनेटबरोबर फुकट आला होता. त्यावर ठळक अक्षरात ४५० वॅट. खालचा बारीक तक्ता वाचला तर १२ व्होल्टच्या लाइनवर १४ अँपिअर, म्हणजे १६८ वॅट, आणि प्रोसेसर नि ग्राफिक्स कार्डाचं पोट मुख्यतः याच लाइनवर भरतं. गेम रंगात आला की ही लाइन ११.४ व्होल्टच्या खाली घसरते, आणि पोरगा ओरडतो, “पुन्हा गेलं!” वडील विजयी मुद्रेने म्हणतात, “बघ, गेममुळेच.” पहिल्यांदाच ते थोडेसे बरोबर असतात.

उपाय कंटाळवाणा आहे. ओळखीच्याकडून चांगला एसएमपीएस मागून आणायचा, फक्त तोच बदलायचा, आणि एरवी जितक्या दिवसांनी मशिन बंद पडतं त्याच्या दुप्पट दिवस थांबायचं. त्याऐवजी लोक एसएमपीएस, रॅम आणि हार्डडिस्क एकाच रविवारी बदलतात. मशिन सुधारतं, पण कशाने ते ब्रह्मदेवालाही कळत नाही.

जुना एसएमपीएस वॉरंटीत असतो, म्हणून दुकानात परत जातो. तिथला पोऱ्या तो टेस्टरला लावतो. टेस्टरवर ना गेम, ना ग्राफिक्स कार्ड. हिरवा दिवा लागतो. “ओके आहे की साहेब!” ग्राहक म्हणतो, मग तुम्हीच ठेवा. पोऱ्या फडक्याने त्याची धूळ पुसतो आणि मागच्या रिकाम्या कॅबिनेटमध्ये चार स्क्रूंनी बसवून टाकतो. काउंटरवर एक जोडपं मुलीच्या बारावीनंतरच्या कॉलेजसाठी कॉम्प्युटरचं कोटेशन घेत असतं. मालक त्यांना सांगतो, “कॅबिनेटबरोबर एसएमपीएस आपल्याकडून फ्री.”