यवतमाळकर ब्लूज ऐकतो

यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला गाणं ऐकायला कुठे जावं लागत नाही. गाणंच त्याच्या दारावरून जातं, आणि शक्यतो त्याचा डोळा लागल्यावर जातं. लग्नसराईत संदल, पोळ्याला डफडं, चौदा एप्रिलला भीमगीतं. दुर्गोत्सवात प्रत्येक चौकाचं गाणं वेगळं आणि मधल्या घरांत सगळ्यांचा काला. ‘कोलकात्यानंतर दुर्गोत्सव पाहावा तर आमचाच,’ हे यवतमाळकर पाहुण्याला पाण्याचा पेला हातात देतानाच सांगून टाकतो. असा कान तयार झालेला माणूस तिकीट काढून, उभं राहून गाणं ऐकायला मुंबईला जाईल, हे कोणाला पटणार नाही. पण मुंबईत नोकरी करणारा भाचा असला की माणसाच्या हातून काहीही होऊ शकतं.

असेच एक मामा. राळेगावकडे कोरडवाहू कापूस, घरी दोन बैल, गावच्या भजनी मंडळात पंचवीस-तीस वर्षं झीलकरी. भाच्यानं त्यांना फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत नेलं. तिथे २०११ पासून महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हल भरतो.

“महिंद्राचा हाये म्हंतं? मंग ट्रॅक्टर कोठी उभे केले?” मामांनी फाटकातच विचारलं.

भाचा शरमला. खरं तर शरमण्यासारखं काही नव्हतं. ज्याला जग ब्लूजचा बादशहा म्हणतं तो बी. बी. किंग तरुणपणी मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यावर ट्रॅक्टरच चालवायचा. ब्लूज आणि ट्रॅक्टर यांचा संबंध मामांनी गाण्याचा एक सूरही न ऐकता ओळखला होता. फक्त हे मामांनाही माहीत नव्हतं आणि भाच्यालाही.

आत मंडळी हातात ग्लास घेऊन उभी होती. “गाणारा स्टुलावर बसला अन् ऐकणारा उभा, हा कोणता कायदा?” असं म्हणत मामा खांबाला टेकले. गाणं सुरू झालं. गायकानं एक ओळ म्हटली, तीच पुन्हा म्हटली आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर दिलं. मधल्या जागा गिटारनं भरल्या. ब्लूजचा ठरलेला घाट असाच असतो. इंग्रजीचा एक शब्द कळत नसताना मामांना हा घाट दुसऱ्या कडव्याला कळला आणि तिसऱ्या कडव्याला, भजनातल्या सवयीनं, त्यांच्या तोंडून झील निघून गेली. ती तालात होती. आजूबाजूच्या तरुणांनी वळून पाहिलं. एकानं भाच्याला हळूच विचारलं, “सर कुठल्या बँडमध्ये असतात?”

मध्यंतरात भाच्यानं मोबाइलवर वाचून माहिती पुरवायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी इथे बडी गाय येऊन गेले, हे ऐकून मामांनी आधी पशुप्रदर्शनाचा अंदाज बांधला. मग कळलं की हा माणूस १९३६ साली लुइझियानात जन्मला, बाप बटईनं शेती करायचा, पोरगा लहानपणी कापूस वेचायचा आणि खिडकीच्या जाळीची तार काढून त्यानं पहिलं वाद्य बनवलं.

“बटईनं?” मामा ताठ झाले. “कापसाची?”

“कापसाचीच.”

“मंग हे आधी सांगाचं ना बाप्पा! मी तं इतका वेळ याले मोठ्या घरचं गाणं समजून राह्यलो.”

ब्लूज हे मोठ्या घरचं गाणं कधीच नव्हतं. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस पिकवला. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं संपली, पण जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, उधारीचं दुकानही मालकाचं आणि वर्षाअखेरीचा हिशेबही त्याच्याच वहीत. या बटईच्या शेतांतून ब्लूज उगवला. १९०३ च्या सुमारास टटविलर नावाच्या आडगावच्या स्टेशनावर गाडीची वाट पाहताना डब्ल्यू. सी. हँडी यांनी एका फाटक्या माणसाला गिटारच्या तारांवर सुरी फिरवत गाताना ऐकलं आणि पुढे ही तऱ्हा कागदावर उतरवली. मडी वॉटर्स हा स्टोव्हल मळ्यावरचा मजूर. १९४१ साली अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयासाठी ॲलन लोमॅक्स त्याचं गाणं मुद्रित करायला मळ्यावरच्या त्याच्या घरी गेले. दोन वर्षांनी तो शिकागोला गेला, गिटारला वीज जोडली आणि पुढे विलायतेतल्या पोरांनी त्याच्या एका गाण्यावरून आपल्या बँडला ‘रोलिंग स्टोन्स’ हे नाव दिलं.

पण मामांचं लक्ष वेगळ्याच ठिकाणी अडकलं होतं. भाच्यानं सांगितलं की चार्ली पॅटन नावाच्या गायकानं १९२९ मध्ये कापसावरच्या किडीवर अख्खं गाणं मुद्रित केलं. कीड म्हणजे आपली बोंडअळी नव्हे; सोंड असलेला एक भुंगेरा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तो मेक्सिकोतून टेक्सासमध्ये घुसला आणि पुढच्या तीस वर्षांत साऱ्या दक्षिणेचा कापूस खात सुटला. अलाबामातल्या एंटरप्राइज गावच्या लोकांनी कंटाळून भुईमूग लावला. भुईमुगात पैसे झाले. मग कृतज्ञता म्हणून १९१९ साली भर चौकात या किडीचं स्मारक उभं केलं. तीस वर्षांनी त्यातल्या बाईच्या डोक्यावर उंच धरलेला किडाही बसवला.

“किडीचा पुतळा?” मामांना हसू आवरेना. “आपल्याकडे बोंडअळीचा पुतळा म्हटला तं जागेवरूनच तीन गट पडतीन. अन् अनावरणाले कोणाले बोलवाचं, बियाणं कंपनीले का कृषी खात्याले?”

हसणं मात्र फार टिकलं नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं विदर्भातली बोंडं पोखरली आणि त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मामांच्या शेजारच्या गावातली माणसं दवाखान्यात होती. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यांनी झील दिली नाही.

या गाण्याशी यवतमाळचा हिशेब तसा दीडशे वर्षांहून जुना आहे. १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धात तिथला कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी बसल्या आणि विलायतेला अचानक वऱ्हाड आठवलं. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापूस अमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून विकला जाई. त्यात पुढे १९०५ पर्यंत ‘वणी जिल्हा’ म्हणवल्या जाणाऱ्या आपल्या मुलखाचाही वाटा होता. मिसिसिपीत भाव चढला की वऱ्हाडात आनंद आणि तिकडचं युद्ध संपलं की इकडे मंदी. अशी ही दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली भाऊबंदकी.

पुढची कडी याहून गमतीची. कापसाच्या मुलखाला जवळ म्हणून जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. मिल चांगली चालली. याच टाटांनी १९०३ मध्ये मुंबईत ताजमहाल हॉटेल उघडलं. आणि १९३५ मध्ये त्या ताजमध्ये लिऑन ॲबी हा अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा जॅझ वाद्यवृंद घेऊन आला. पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफर्ड आला. म्हणजे साहेब आणि राजेरजवाडे ज्या तालावर नाचले, त्याच्या बिलातला एखादा आणा वैदर्भी शेतकऱ्यानं भरलेला आहे. पावती मात्र कोणी दिली नाही.

या वादकांच्या हाताखाली गोव्याची पोरं तयार झाली. त्यांतले अंतोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ या नावानं गाजले आणि सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम करू लागले. १९५१ च्या ‘अलबेला’त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो आणि समोर भगवानदादा नाचतात. आता भगवानदादांची ती चाल कोणत्या वरातीत नाही? खांदे उडवत, गुडघे मोडत, रुमाल फिरवत चाललेला यवतमाळच्या वरातीतला काका हा जॅझचाच दूरचा वारस आहे. त्याला ते सांगू नये. तो थांबून सगळ्यांना समजावत बसेल आणि मुहूर्त टळेल.

मुंबईनं आपल्या बाजूनं पुढेही हौस केली. निरंजन झवेरी यांच्या पुढाकारानं १९७८ मध्ये जॅझ यात्रा भरली, सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक येऊन गेला आणि रंगभवनाच्या उघड्या मैफिलींत जगभरचं संगीत मुंबईकरांनी वर्षानुवर्षं ऐकलं. त्यात यवतमाळकर किती होते कोण जाणे.

परतीच्या विदर्भ एक्स्प्रेसमध्ये भाच्यानं मामांच्या कानात यंत्र घालून अली फर्का तूरे लावून दिला. मालीचा हा गवई. त्याची गिटार ऐकून अमेरिकेतल्या जाणकारांना वाटलं, अरे हा तर ब्लूज! तूरेचं म्हणणं उलट होतं: गाणं आमच्याकडून तिकडे गेलं. १९९४ मध्ये राय कूडर यांच्याबरोबरच्या ध्वनिमुद्रिकेनं त्याला ग्रॅमी मिळवून दिली, तरी हा गडी नायजर नदीकाठच्या निआफुंके या आपल्या गावी परतून शेती करायचा आणि स्वतःला आधी शेतकरी म्हणवायचा. गावचा तो नगराध्यक्षही झाला. मालीतही कापूस मोठा. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना देत असलेल्या अनुदानानं आम्ही मरतो, अशी तक्रार माली, बुर्किना फासो, बेनिन आणि चाड या देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडली होती. हे ऐकल्यावर मामांनी यंत्र कानातून काढलंच नाही. धामणगाव स्टेशन आलं तेव्हा भाच्याच्या मोबाइलची बॅटरी मेली होती आणि मामा तूरेला ‘आपला माणूस’ म्हणू लागले होते.

माली, सेनेगल या भागांत गाणं हा काही घराण्यांचा वारसा असतो. एकवीस तारांचा, मोठ्या भोपळ्याचा कोरा वाजवत ही मंडळी राजांच्या वंशावळी आणि लढाया पिढ्यान् पिढ्या मुखोद्गत ठेवतात आणि यजमानानं त्यांना मानपान द्यायचा असतो. जाणकार हे ऐकायला लंडनहून विमानानं जातात. पण यवतमाळच्या माणसाला हे पांढरकवड्याच्या बसमध्ये बसून जमतं. तिथले परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. हातात किंगरी, तोंडी गोंडांच्या कुळांच्या आणि वीरांच्या कथा, आणि दान देणारे यजमान ठरलेले. लग्नात ढोल-सनईवर गोल धरून ढेमसा चालतो. दिवाळीच्या दिवसांत पैनगंगेच्या दोन्ही काठांवर दंडार निघते, मोरपिसांचे भलेमोठे टोप घातलेले घुसाडी नाचतात. पलीकडच्या तेलंगणातले गुसाडी नर्तक कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांचं गाव मारलवाई. १९४० च्या दशकात क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ त्या गावी राहून गोंडांचा अभ्यास करत होते. पुढे ते लंडनच्या पौर्वात्य आणि आफ्रिकी अभ्यासाच्या विद्यालयात प्राध्यापक झाले. साहेब ऑस्ट्रियाहून आला. यवतमाळच्या कितीक रसिकांना अजून पैनगंगा ओलांडायला सवड झालेली नाही.

सवाल-जवाबाचं गाणं हवं तर पोळा आहेच. तोरणाखाली बैलांच्या रांगा लागल्या की दोन बाजूंनी झडत्या झडू लागतात. एकानं टाकायची, दुसऱ्यानं वरचढ परतवायची आणि गर्दीनं महादेवाच्या नावानं शेवट करायचा. त्यात सरकार येतं, सावकार येतो, भाव येतो, आणि समोर उभा असलेला पाटील तर येतोच येतो. न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७० च्या दशकात रॅप जन्मला तेव्हा तिथल्या पोरांनी साधारण हेच केलं. त्यांच्याकडे फक्त बैल नव्हते.

आणि हट्टानं आफ्रिकेचाच ठेका हवा असेल, तरी मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. पांढरकवड्यावरून जाणारा ४४ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग सरळ तिथे पोचतो. निजामाच्या फौजेत आलेले सिद्दी आणि येमेनचे अरब यांनी रुजवलेला ‘मरफा’ तिथल्या लग्नांत अजून घुमतो. तिकीट नाही, उभं राहायची सक्ती नाही, वर बिर्याणी. फक्त आमंत्रण लागतं.

मामांनी गावी आल्यावर मंडळाच्या बैठकीत ठराव मांडला की यंदाच्या दुर्गोत्सवात एक रात्र डीजे बंद ठेवून किंगरी आणि ढेमसा ठेवावा. ठरावाला विरोध कोणी केला नाही. चर्चा लायटिंगवर गेली आणि तिथेच राहिली.

म्हणून हे काम वाचकांवर. आपल्या मंडळाच्या वर्गणीतून यंदा एक संध्याकाळ परधान गायकांना द्या, एक ढेमसा पथकाला. दिवाळीत दंडार पाहायला गेलात तर आधी गावाला विचारा. तो त्यांचा देवधर्म आहे, आपल्या मोबाइलसाठी ठेवलेला कार्यक्रम नाही. आणि कलावंतांना मानधन त्याच दिवशी, रोख द्या. शाल-नारळ नंतर दिला तरी चालेल.