डब्याला माटव

तारकर्लीत परवा मी घराला बांधलेलं घर पाहिलं.

आतलं घर म्हणजे कंटेनर. वीस फूट लांब, आठ फूट रुंद, निळा रंग, आत एसी, बाहेर ‘सी व्ह्यू’ची पाटी. (समुद्र दिसतो. न्हाणीच्या झरोक्यातून, सुरूच्या दोन झाडांमधून, टाचा उंच केल्यास.) बाहेरचं घर म्हणजे माटव. पोफळीचे खांब आणि वर झावळांचे दोन थर.

‘ह्यां कशाक?’ मी विचारलं.

‘डबो तापता,’ मालक म्हणाले. ‘एसी दिवसभर चालता, पन डबो काय थंड होणा नाय. म्हणान वर माटव घातलंय.’

‘मगे नुसतो माटवच ठेवायचो!’

‘त्याका पैसे कोण देतलो?’

बिनतोड. डबा मुळात मालासाठी केलेला. मालाला घाम येत नाही, माल खिडकी मागत नाही. पर्यटक मागतो. म्हणून गॅस कटरने पत्रा कापून खिडकी काढली, आणि जो डबा साता समुद्रांत टिकला तो त्या कापलेल्या कडांपासून गंजायला लागला. गंज दिसू नये म्हणून बांबूची चटई. चटईत वाळवी, म्हणून औषध. औषधाचा वास, म्हणून उदबत्ती. माटवात उंदीर आले, उंदरांसाठी मांजर आलं, मांजर रात्री पत्र्यावर धावायला लागलं. वाऱ्याने झावळं उडू नयेत म्हणून त्यांवर रापणीचं फाटकं जाळं, पावसासाठी जाळ्यावर ताडपत्री, ताडपत्रीने आत घुसमट म्हणून आणखी एक पंखा. आणि एका रात्री माडावरून नारळ पडला. ताडपत्री, जाळं, झावळं, सगळं फोडून पत्र्यावर. पुण्याचं कुटुंब उशा घेऊन बाहेर आलं आणि शेजारच्या जुन्या घराच्या पडवीत झोपलं. सकाळी म्हणालं, आम्हाला हीच खोली द्या.

ती देता येत नाही. ते घर मालकांच्या चुलत्यांचं. जांभ्याचे चिरे, वर मंगलोरी कौलं. तीही कारखान्याचीच बरं का. १८६५ साली मंगलोरला कारखाना निघाला तेव्हापासून छपराचे सुटे भाग साच्यातून येताहेत आणि जागेवर जोडले जाताहेत, फक्त त्याला कोणी ‘प्रीफॅब’ म्हणत नव्हतं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा माड पडून मागची भिंत गेली. ती अजून तशीच आहे. का? तर घर भरतीरेषेजवळ. किनाऱ्याचे नियम १९९१ साली आले, घर त्याच्या कितीतरी आधीचं. पण हे सिद्ध करणारा कागद आणा. कागद तिसऱ्या टेबलावरून चौथ्या टेबलावर जातो, चौथ्यावरचा माणूस रजेवर असतो. आणि शेजारी दोन टनांहून जड लोखंड क्रेनने उतरवलं, खाली काँक्रीटचे ओटे ओतले, मागे संडासाची टाकी पुरली, तर ते ‘तात्पुरतं’! अरे, तात्पुरतं कोणाला म्हणता? तीन पिढ्यांची बाळंतपणं जिथे झाली ते घर बेकायदा, आणि नटबोल्ट आहेत म्हणून डबा कायद्यात? मग चुलत्यांनीही चिऱ्यांना नटबोल्ट लावावेत, मी पाने आणून देतो.

असो. रक्तदाब.

निघताना मालक म्हणाले, माटव काढून आता पत्रे घालतो. कौलांच्या आकाराचे, लाल.

‘पत्रे तापतले,’ मी म्हटलं.

‘त्येच्यार झावळां घालूया.’